लग्नात नापास

“श्वास सोड आणि भोपळ्याचा विचार कर,” विश्राम म्हणाला.

“कसल्या भोपळ्याचा? लाल की दुधी?”

“दुधी. लाल भोपळ्याचे घारगे होतात. घारगे आठवले की तुझं मन पुन्हा उसळणार.”

मी डोळे मिटून दुधी भोपळा समोर आणला. लांबट, फिकट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बघता बघता त्या भोपळ्याला विश्रामसारखे पुढे आलेले दोन कान फुटले आणि मला हसू आवरेना.

“नापास,” तो म्हणाला. शब्दाबरोबर त्याच्या तोंडातून पांढरी वाफ बाहेर पडली.

आम्ही बर्फाच्या कारखान्यात, लाद्या साठवायच्या खोलीत, भुशाच्या पोत्यांवर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची लग्नाची परीक्षा होती, आणि मला अजून साधा भोपळा जमत नव्हता.

ही गोष्ट मी एकविशीत असतानाची. आमची वसाहत खाडीच्या उत्तरेच्या काठावर होती. नाव सौम्यपूर. दंगलींच्या वर्षानंतर आमच्या आजोबांच्या पिढीतल्या काही माणसांनी ती वसवली. त्यांचं म्हणणं असं, की माणूस दुसऱ्याच्या जिवावर उठतो तो रागाने. आणि राग येतो तो प्रेमापोटी, नाहीतर दुःखापोटी. तेव्हा सगळंच बंद करून टाकलेलं बरं. म्हणून आमच्या प्रत्येकाच्या मनगटावर जन्मापासून एक पट्टा असायचा. नाडी शांत असली की त्यात हिरवा दिवा. जरा काही वाटलं की पिवळा. जास्त वाटलं की लाल, आणि वर टिर्र टिर्र आवाज. लाल झालेल्या माणसाला विश्रांतिगृहात नेत आणि काढा पाजत. कुणी मेलं तर त्याच संध्याकाळी माणसं येऊन त्याचे कपडे, फोटो, वापरातल्या वस्तू घेऊन जात. त्यानंतर त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. घरातसुद्धा नाही.

लग्नं जुळवणी कार्यालय ठरवायचं. ज्यांचे पट्टे वर्षानुवर्षं हिरवे, असे दोघे निवडायचे, त्यांची ओळख करून द्यायची, आणि मग एकमेकांकडे बघून दोघांनाही काही म्हणजे काही वाटत नाही ना, याची परीक्षा घ्यायची. काही वाटलंच तर लग्न रद्द. दोघांना काढा, आणि दोघांची रवानगी दोन वेगळ्या वसाहतींत.

विश्रामचा आणि माझा पट्टा साऱ्या सौम्यपुरात सर्वांत शांत. म्हणून तर कार्यालयाने आमची जोडी काढली. माझा शांत होता, कारण ताई गेल्यापासून माझ्या आत काही हलतच नव्हतं. विश्रामचा शांत होता, कारण तो लबाड होता.

हे मला पहिल्या भेटीत अर्थातच कळलं नाही. कार्यालयातल्या टेबलापाशी आम्हाला समोरासमोर बसवलं होतं. मी नेमून दिलेलं वाक्य म्हटलं, “मला आपल्याविषयी विशेष काही वाटत नाही.”

“मलाही आपल्याविषयी विशेष काही वाटत नाही,” तो म्हणाला. मग त्याच सुरात पुढे म्हणाला, “आपण माझं कामाचं ठिकाण पाहायला याल का?”

हे नियमात बसत होतं, म्हणून मी गेले. त्याने मला यंत्रं दाखवली, पाण्याच्या टाक्या दाखवल्या, आणि मग या गार खोलीत आणून दार लावून घेतलं. मी कुडकुडायला लागले.

“पट्ट्याकडे बघा,” तो म्हणाला.

दिवा हिरवाच होता, पण एरवी तो नाडीबरोबर लुकलुकायचा तसा लुकलुकत नव्हता. नुसता चिकटवल्यासारखा दिसत होता.

“गारठ्यात त्याला नाडी सापडत नाही. शेवटचा रंग धरून गप बसून राहतो. मी रोज इथे येऊन हवं ते करतो. काल दुपारी गाणं म्हटलं. परवा मुकादमाची नक्कल केली. आता तुम्ही हसून बघा.”

“कशाला?”

“उगीच. कुणी बघत नाहीये.”

मी प्रयत्न केला. घशातून काहीतरी विचित्र, फुस्स असा आवाज निघाला.

“हे हसू होतं की कुकरची शिटी होता होता राहिली?” त्याने विचारलं, आणि मग मात्र मला जे हसू फुटलं ते थांबेना. पोट दुखायला लागलं. मी पोत्यावर बसले. तो घाबरून म्हणाला, “अहो, सावकाश. एकदम एवढं नको. सवय नाही तुम्हाला.”

बाहेर पडताना मी विचारलं, “पुन्हा यायचं असेल तर?”

“मग तुम्ही-आम्ही सोडून दे,” तो म्हणाला. “या थंडीत एवढं लांबलचक कोण बोलणार?”

त्यानंतर मी काही ना काही निमित्त काढून जात राहिले. त्याच्याजवळ सांगण्यासारखं कुणी नव्हतं. तो बालगृहात वाढला होता आणि त्याबद्दलही विनोद करायचा. “मला कुणी नाही, त्यामुळे माझ्याकडून जप्त करायलाही काही नाही,” म्हणायचा. एकदा त्याने मला विचारलं, “आणि तुझ्याकडून काय नेलं?”

“बहीण,” मी म्हटलं. तो शब्दच मी किती काळाने उच्चारला होता! मग ओठ गारठलेले असतानाही मी बोलतच राहिले. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवता यायची, की खाडीतले बगळे उडायचे. तिचा पट्टा सारखा वाजायचा. ती म्हणायची, हा माझा पाळलेला कोंबडा आहे, वेळी-अवेळी आरवतो. एक दिवस तो आरवायचा थांबेना. माणसं आली आणि तिला विश्रांतिगृहात घेऊन गेली. महिनाभराने निरोप आला, की आता तिच्या ताटाची गरज नाही. त्या संध्याकाळी बाबांनी आणि मी जेवण केलं, भांडी घासली आणि झोपलो. त्यानंतर आम्ही तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. बाबा जलखात्यात होते. पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं. घरीही तसेच वागायचे. वेळेवर, नेमकं, आवाज न करता.

“तिचं नाव काय होतं?” विश्रामने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण नाव येईना. जीभ टाळ्याला लागायची आणि तिथेच अडायची.

“राहू दे,” तो म्हणाला. “बर्फ कुठे पळून जात नाही.” आणि त्याने स्वतःचा मफलर माझ्या कानांभोवती गुंडाळला. तो गुंडाळताना त्याचे हात जरा जास्तच वेळ रेंगाळले. मी मान हलवली नाही. माझा पट्टा हिरवाच होता. बिचाऱ्याला काही पत्ताच नव्हता.

तेव्हा अशी आमची अडचण. ज्या दोघांना एकमेकांविषयी काही वाटत नाही म्हणून निवडलं, त्यांना आता एकमेकांवाचून करमेना. आणि लग्न व्हायचं असेल, तर काहीच वाटत नाही हे उबदार खोलीत बसून सिद्ध करायचं.

परीक्षेच्या सकाळी विश्राम मला कार्यालयाच्या पायऱ्यांवर भेटला. लांब बाह्यांचा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. इकडेतिकडे बघत तो पुटपुटला, “पट्ट्याखाली बर्फाचा तुकडा बांधलाय. रुमालात. तुला देऊ का एक?”

माझ्या बाह्या कोपरापर्यंत होत्या. “नको,” मी म्हटलं. “माझा भोपळा आहे.”

मागून बाबा आले. पालक म्हणून त्यांना हजर राहावं लागणार होतं. त्यांनी विश्रामकडे पाहून नियमाप्रमाणे मान तुकवली, खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, “वेळ झाली.”

परीक्षा घ्यायला इनामदारबाई होत्या. उंच, ताठ, पांढरी सुती साडी अशी चापूनचोपून नेसलेल्या, की जणू काही इस्त्री करताना त्या आतच उभ्या होत्या. विश्रामला आणि मला त्यांनी समोरासमोर खुर्च्यांवर बसवलं. बाबा माझ्या मागे, भिंतीशी.

“एकमेकांकडे बघा. मी सांगेपर्यंत नजर हलवायची नाही.”

मी बघितलं. ते कान. डाव्या भुवईवरचा लहानसा व्रण. डोळ्यांत असा काही सभ्य भाव, की जणू मी एक कपाट आहे. दुधी, मी स्वतःला सांगितलं. दुधीची भाजी. बिनमिठाची दुधीची भाजी. दिवा हिरवा राहिला.

“समोरच्या व्यक्तीशी आपला विवाह झाला तर?”

“सोयीचं होईल,” मी म्हटलं.

“झाला नाही तर?”

“तेही सोयीचं होईल,” विश्राम म्हणाला.

इनामदारबाईंनी समाधानाने मान हलवली. सगळं इतकं छान चाललं होतं. आणि तेवढ्यात टप् असा आवाज झाला.

मी नजर हलवली नाही, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायचं ते दिसलंच. विश्रामच्या बाहीतून पाणी निथळत होतं. टप्. टप्. आधी त्याच्या मांडीवर, मांडीवरून खुर्चीच्या कडेवर, तिथून खाली. बोलता बोलता त्याच्या खुर्चीखाली छोटंसं तळं साचलं आणि ओघळ हळूहळू इनामदारबाईंच्या चपलेच्या दिशेने निघाला.

इनामदारबाई आधी ओघळाकडे बघत राहिल्या. मग विश्रामच्या भिजलेल्या पँटकडे. मग अतिशय सौजन्याने, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “आपल्याला जरा बाहेर जाऊन यायचं आहे का?”

“आता गरज नाही,” विश्राम गंभीरपणे म्हणाला.

मी गालाचं मांस आतून दाताखाली धरलं. बिनमिठाची भाजी, करपलेली भाजी, शिळी भाजी, जगातल्या सगळ्या नकोशा भाज्या मी आठवल्या. डोळ्यांतून पाणी यायच्या बेतात होतं. मनगटावर पिवळा उजेड पडला. इनामदारबाईंची नजर माझ्या हाताकडे वळली. मी श्वास सोडला, पुन्हा सोडला. दिवा जरा वेळ पिवळा राहिला आणि मग नाखुशीने हिरवा झाला.

“किळस समजण्यासारखी आहे,” इनामदारबाई मला म्हणाल्या. “ती आम्ही धरत नाही.”

विश्रामच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मला त्याचा असा अभिमान वाटला, की पुन्हा दुधी गाठावा लागला.

“शेवटचे काही प्रश्न. घरातल्या माणसांविषयी. आपल्या घरात कोण कोण आहे?”

“मी आणि बाबा.”

“आई?”

“नाही.” हे सोपं होतं. आई मला आठवतच नव्हती.

“भावंडं?”

“नाही.”

“कधी होती?”

याचं उत्तर मला पाठ होतं. कार्यालयात सगळ्यांना हा प्रश्न येतो आणि सगळे तेच सांगतात. एकच शब्द. तो म्हटला, की सही, शिक्का, आणि कान पुढे आलेला हा मुलगा जन्मभर माझ्या घरी.

माझ्या मागे बाबांनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. त्या खोलीत एवढी शांतता होती, की न घेतलेला श्वासही ऐकू यावा.

“हो,” मी म्हटलं.

इनामदारबाईंनी मान वर केली. “मी पुन्हा विचारते. कधी होती?”

“होती. एक बहीण होती. तिचं नाव वैजयंती.”

जीभ टाळ्याला लागली आणि या वेळी अडली नाही. नाव बाहेर पडलं, आणि ते एवढं मोठं वाटलं, की मला वाटलं खोलीच्या खिडक्या उघडल्या. माझ्या मनगटावर लाल दिवा पेटला. टिर्र टिर्र सुरू झालं. मी विश्रामकडे बघितलं. मला त्याला सांगायचं होतं, की मी मुद्दाम नाही केलं रे, आपलं सगळं घालवलं मी. पण तो माझ्याकडे बघून असा हसला, की त्याचे कान आणखीच पुढे आले. मग त्याचाही पट्टा टिरटिरायला लागला.

“माझा बर्फ संपला,” तो म्हणाला. “वैजयंती. छान नाव आहे.”

“शांत व्हा,” इनामदारबाई म्हणाल्या. “दोघेही. अजून वेळ आहे. लाल दोनच आहेत. मी दोघांना वेगवेगळं विश्रांतिगृहात पाठवते, काढा घ्या, मग दोन वसाहतींत सोय होईल...”

मागे खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले होते. माझे बाबा, जे पाण्याचा नळसुद्धा आवाज न करता बंद करायचे.

“वैजयंती दिनानाथ,” ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट. “माझी थोरली मुलगी. तिला शिट्टी वाजवता यायची. लोणचं चोरून खायची. पावलं एवढी मोठी, की माझ्या चपला घालून फिरायची.” त्यांनी आपला हात पुढे केला. पट्टा लालभडक झाला होता आणि कोंबड्यासारखा आरवत होता.

इनामदारबाई तिन्ही पट्ट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. “तीन,” त्या म्हणाल्या. “एका खोलीत तीन. मग ही साथ झाली. साथीला विश्रांतिगृहात नेता येत नाही. साथ हद्दीबाहेर घालवावी लागते. आजच.”

“हो,” बाबा म्हणाले.

इनामदारबाईंनी आमच्या कागदावर नापास असं लिहिलं, शिक्का मारला. दारापर्यंत आल्या आणि तिथे थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नुसतं नाही म्हणायचं होतं, बाई. सगळे नाहीच म्हणतात. मीसुद्धा नाहीच म्हणते.”

आणि त्यांनी पदर ओढून मनगट झाकून घेतलं. पदराआड कुठल्या रंगाचा उजेड होता, ते मला दिसलं नाही.

दुपारी आम्हाला खाडीवरच्या पुलाच्या फाटकाशी नेलं. तिथल्या माणसाने कात्रीने आमचे पट्टे कापले आणि फाटक आमच्या मागे लावून घेतलं. माझ्या मनगटावर पांढरा, मऊ, कधी ऊन न पाहिलेला गोल पट्टा उरला होता. मी त्यावर फुंकर मारून बघितली. गुदगुल्या झाल्या.

पूल लांब होता. खाली भरतीचं पाणी.

“बाबा,” मी अर्ध्यावर आल्यावर म्हटलं, “तुम्ही गप्प बसला असतात तर घरी राहिला असतात.”

“नियम मला पाठ आहेत,” बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. “एक लाल झाला तर विश्रांतिगृह. दोन झाले तर दोघांना वेगळं करायचं. तीन झाले की साथ, म्हणजे बाहेर. तुम्हा दोघांना एकत्र ठेवायचं तर तिसरा लागत होता.” मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, “वैजू एकटी लाल झाली होती. तेव्हा मी उठलो नाही.”

मी त्यांचा हात धरला. विश्रामने त्यांचा दुसरा हात धरला. असे तिघं आम्ही पूल ओलांडला.

पलीकडे माणसं एकमेकांना फाडून खातात, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आणि पुलावरून उतरतो न उतरतो, तोच ते खरं निघालं. चहाच्या टपरीपाशी दोन बायका एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या. एक टपरीवाली, दुसरी मासे विकणारी.

“तुझ्या टोपलीचं पाणी माझ्या चुलीत!” टपरीवाली ओरडली.

“तुझ्या चुलीचा धूर माझ्या सुरमईवर!” मासेवालीने तिच्या वरताण आवाज लावला.

“सुरमई म्हणे! ती काय आजची आहे?”

“आणि तुझं दूध काय आजचं आहे?”

बाबांनी आम्हाला झपकन मागे ओढलं. “माझ्यामागे उभे राहा,” ते कुजबुजले. “आता रक्त निघणार.”

टपरीवालीने कमरेवर हात ठेवले, दम घेतला आणि विचारलं, “चहा घेतेस का?”

“दे. साखर जरा सढळ घाल,” मासेवाली म्हणाली आणि बाकावर बसली.

आम्ही तिघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. मग टपरीवालीची नजर आमच्यावर पडली. आमचे राखाडी कपडे आणि पांढरी मनगटं तिच्या लगेच ध्यानात आली.

“पलीकडून आलात वाटतं. बसा. इथे कुणी खात नाही तुम्हाला.” तिने आमच्या हातात एकेक पेला दिला. मग माझ्याकडे आणि विश्रामकडे बघून म्हणाली, “नवराबायको का गो तुम्ही?”

“नाही,” विश्राम म्हणाला. “नापास झालो.”

“कशात?”

“लग्नात.”

दोघी बायका अशा हसल्या, की मासेवालीला ठसका लागला. मला वाटलं, आता त्यांच्यासाठी कुणाला तरी बोलवावं लागणार. पण कुणीही धावत आलं नाही. शेजारच्या दुकानदाराने तर काय झालं ते विचारलं आणि तोही हसायला लागला.

टपरीवालीचं नाव सत्यभामाबाई. तिने सगळी हकीकत काढून घेतली. बर्फापर्यंत आल्यावर तिने विश्रामला तो ओघळ पुन्हा सांगायला लावला. सगळं ऐकून म्हणाली, “हे बघा, आमच्याकडे परीक्षा नाही. एकमेकांवाचून राहवत नाही ना? मग झालं. बाकी कागद काय व्हायचे ते सावकाश होतील. फक्त नाव घे.”

“कुणाचं?”

“याचं. उखाण्यात. यमक जुळवून घ्यायचं असतं. तुमच्याकडे नाही?”

आमच्याकडे तर मुळी नावंच घ्यायची नसत. मी तसं सांगितलं. सत्यभामाबाईने पदर खोचला. “ऐक. असं.

बोंबील तळले कुरकुरीत, वरून पिळलं लिंबू,
काशिनाथरावांशी भांडताना मी कशाला थांबू?”

टपरीच्या मागून एका पुरुषाचा आवाज आला, “थांबत नाहीसच!” पुन्हा हशा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या छातीत धडधड सुरू झाली आणि सवयीने मी मनगट झाकलं. तिथे काहीच नव्हतं. विश्राम पेल्याच्या काठावरून माझ्याकडे बघत होता. कपाट बघतो तसा नव्हे. मी उभी राहिले.

“बर्फाच्या कारखान्यात गारठले हातपाय,
विश्राम नसता समोर, तर वितळून उपयोग काय?”

टाळ्या पडल्या. मासेवालीने बाकावर हात आपटला. विश्रामचे कान लालबुंद झाले आणि तो काहीतरी विनोद करायला गेला, पण त्याला तो सुचला नाही. त्याला विनोद सुचला नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने नुसता माझा हात धरला, त्याच पांढऱ्या जागेवर.

बाबा इतका वेळ बाकाच्या टोकाशी बसून होते. त्यांनी घसा खाकरला.

“मुलीचं घेतलं तर चालतं का?” त्यांनी सत्यभामाबाईला विचारलं. “म्हणजे, नसलेल्या मुलीचं?”

सत्यभामाबाईच्या हातातला पेला तसाच राहिला. “चालतं की,” ती म्हणाली. “का नाही चालणार?”

बाबा उठले. दोन्ही हात मांडीला चिकटवून, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे उभे राहिले. ओठ हलत होते. ते जुळवत होते. कुणी घाई केली नाही.

“लोणच्याची बरणी रिकामी, झाकण मात्र घट्ट,
थोरली माझी वैजयंती, पुरवून घेई हट्ट.”

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. बाबा हसले. मी त्यांचे दात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. हसता हसता त्यांचे खांदे हलायला लागले आणि हलतच राहिले. ते खाली बसले, चेहरा हातात धरला आणि मोठ्याने रडायला लागले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि मग मीही रडले. विश्राम दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा माझ्या आणि एकदा बाबांच्या पाठीवरून हात फिरवत होता. येणारे-जाणारे थांबत, काय झालं विचारत. मासेवाली सगळ्यांना सांगत होती, “लेक गेली हो त्यांची. आणि एकीचं आत्ताच लग्न लागलं.” लोक मान हलवत. काहीजण बसून राहिले.

बऱ्याच वेळाने बाबा जरा शांत झाले. सत्यभामाबाईने त्यांना नवा चहा दिला आणि सहज विचारलं, “आणि बायकोचं नाव नाही घ्यायचं?”

बाबांनी खूप विचार केला. “यमक जुळत नाही,” ते म्हणाले.

“मग नुसतं घ्या.”

“कुमुदिनी.”

मी पेला खाली ठेवला. माझ्या आईचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं, मग हळूच तोंडाने म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. “हो,” ते म्हणाले. “कुमुदिनी. तुझे डोळे तिचे आहेत. सांगेन. सगळं सांगेन.”

उन्हं कलली होती. सत्यभामाबाईने पसरलेल्या पेल्यांकडे, बशांकडे आणि आमच्या तिघांच्या सुजलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं. “झालं असेल रडून तर उठा आता,” ती म्हणाली. “तुमच्यामुळे सगळा गाव इथे चहा पिऊन गेला. भांडी कोण धुणार?”

आम्ही उठलो. बाबांनी बाह्या वर केल्या, मी राख घेतली, विश्राम विसळायला बसला. बर्फाच्या लाद्या पेलणारे त्याचे हात, पण बशा त्याच्या हातात राहीनात. एक फुटली. तो सॉरी म्हणायला वळला आणि कोपराने दुसरी फोडली.

“अरे मेल्या, डोळे आहेत की बटणं?” सत्यभामाबाई अशी गरजली, की खाडीवरचे बगळे उडाले असावेत. “माझ्या लग्नातल्या बशा त्या!”

विश्राम जागच्या जागी थिजला. बाबा मात्र ओले हात तसेच धरून, कान देऊन ऐकत होते.

“किती छान ओरडतात, नाही?” ते मला म्हणाले.